ठेवणीतले आणि वापरातले

मराठीत 'ठेवणीतले' असा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. ठेवणीतले लुगडे, ठेवणीतली भांडी, ठेवणीतला कोट. एवढेच काय, पाहुण्यांपुढे काढावयाचा ठेवणीतला आवाजही आपल्याकडे असतो. रोजच्या वापरातली वस्तू झिजते, ठेवणीतली टिकते, या साध्या अनुभवावर हा शब्द उभा आहे. परंतु टिकविणे हा जर गुण असेल, तर तो कोठवर गुण राहतो आणि कोठून पुढे दोष होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्हांस तो सुचला एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवरून. ती वस्तू म्हणजे नव्या मोटारीतील चामड्याची आसने.

आम्ही नोकरीनिमित्त राहतो त्या कुंभकोणम् गावी नवी मोटार प्रथम देवळापुढे नेतात. तिला गंध-कुंकू लागते, चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडली जातात आणि मग गाडी घरी येते. दृष्ट अशी निघते. पण आसनांवरची कारखान्यातली पारदर्शक आवरणे निघत नाहीत. काही महिन्यांनी त्यांवर जाड खोळी चढतात, आणि खोळी मळू नयेत म्हणून त्यांवर पंचे पसरले जातात. मूळ चामड्याचा रंग कोणता, हे मालकासही आठवून सांगावे लागते. यातला विनोद असा की, ज्याला आपण चामडे म्हणतो ते पुष्कळ गाड्यांत चामडे नसतेच. ते चामड्यासारखे दिसणारे प्लॅस्टिक असते. म्हणजे प्लॅस्टिकच्या रक्षणासाठी प्लॅस्टिक!

खऱ्या चामड्याची गरज फार थोडी असते. धूळ हा त्याचा पहिला शत्रू. तिचे कण शिवणीत बसून कानशीसारखे घासतात. म्हणून आठवड्यातून एकदा ती यंत्राने ओढून घ्यावी किंवा मऊ कुंचल्याने झाडावी, आणि किंचित ओलसर फडक्याने आसन पुसून लगेच कोरडे करावे. दुसरा शत्रू ऊन. गाडी सावलीत उभी करावी. सावली नसेल तर पुढच्या काचेआड पडदा लावावा. तेल चोळण्याची हौस टाळावी, कारण आजच्या चामड्यावर बहुधा रंगाचा व राळेचा पातळ थर असतो. तेल आत मुरत नाही, धूळ मात्र धरून ठेवते. बंद आवरण तर या हवेत अपायच करते. ऑक्टोबर ते डिसेंबर येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो. त्या दिवसांत प्लॅस्टिकखाली ओल कोंडली की बुरशी धरते. शिवाय ज्या गाड्यांत आसनाच्या कडेला एअरबॅग बसविलेली असते, तेथे जाड खोळ अपघाताच्या क्षणी तिला अडवू शकते. आसन वाचविण्याच्या भरात बसणाऱ्याच्या जिवाला धोका होतो, तो असा.

तरीही जपणाऱ्याची थट्टा करून विषय संपवावा, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. वस्तू जपण्याला कंजूषपणा म्हणणे त्यालाच परवडते, ज्याला दुसरी वस्तू घेणे परवडते. मध्यम पगाराच्या नोकरदाराची गाडी पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर आलेली असते. नोंदणीपत्रावर त्याच्या नावाबरोबर बँकेचेही नाव असते. आपल्या आयांनी पैठणीची घडी दर वर्षी मोडून पुन्हा वेगळी घातली, म्हणून ती नातींपर्यंत पोहोचली. त्या काटकसरीत कष्टाची आठवण होती, आणि ती आठवण हीच तिची नीती होती.

चामड्याच्या बाबतीत तर ही नीती अधिकच बंधनकारक ठरते. एका जनावराचे कातडे, त्याला कमावणारे हात आणि त्यासाठी लागलेले पाणी, इतके सगळे त्या आसनात आहे. याच तमिळनाडूत वेल्लूर भागातील चर्मोद्योगांच्या सांडपाण्याने पालार नदीचे खोरे नासले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी असा निर्णय द्यावा लागला. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या उद्योगाच्या शास्त्राचा अभ्यास करीत आहे. पण ज्या जातींच्या हातांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांना महाराष्ट्रात काय किंवा तमिळ देशात काय, गावाने उंबऱ्याबाहेर ठेवले. घटनेच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट झाली असे म्हटले. मनाच्या खोळी इतक्या लवकर निघत नाहीत. अशी वस्तू निष्काळजीपणे फाडून टाकणे हा त्या श्रमाचा अपमान आहे. आणि तिच्यावर डाग पडेल म्हणून श्रमाने घामेजलेल्या माणसाला तिच्यावर बसू न देणे, हा त्याहून मोठा अपमान आहे.

येथे मूळ प्रश्न समोर येतो. आपण जपतो ते कोणासाठी? गाडीचा मालक पुष्कळदा सांगतो की, पुढे विकताना किंमत चांगली यावी. म्हणजे स्वतः सात वर्षे प्लॅस्टिकवर बसावयाचे आणि त्या चामड्याचा पहिला उपभोग एका अनोळखी ग्राहकाने घ्यावयाचा. 'तळे राखील तो पाणी चाखील' ही आपली म्हण राखणाराला निदान घोटभर पाणी तरी देते. या राखणदाराला तेही नाही. गांधीजींनी धनवानाला विश्वस्त होण्यास सांगितले होते. विश्वस्त आणि पहारेकरी यांत मोठे अंतर आहे. विश्वस्त वस्तू ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचवितो. पहारेकरी सर्वांनाच दूर ठेवतो.

या परिसरात विश्वस्तपणाचे धडे जागोजागी आहेत. जवळच्या स्वामिमलैचे स्थपती मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओततात. देवळातील उत्सवमूर्तींना शतकानुशतके दूध, चंदन, पाणी यांचा अभिषेक होतो, त्या मिरवणुकीत खांद्यांवरून निघतात, आणि कित्येकींची नाके-डोळे त्यामुळे झिजून गुळगुळीत झालेले दिसतात. त्या झिजेला कोणी हानी मानीत नाही. तंजावरच्या सरस्वती महालात सरफोजीराजांनी वाढविलेला ग्रंथसंग्रह आहे. आपले मोडीतील कागदही तेथे आहेत. ताडपत्राची पोथी टिकविण्याची जुनी रीत म्हणजे ती सोडावी, वारा द्यावा, गवती चहासारख्या वासाच्या तेलाचा हात फिरवावा. बांधून ठेवलेली पोथी कसरीच्या स्वाधीन होते. उघडली जाते ती जगते.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी अशीच दाराशी झाकलेली असे. एका पावसाळी रात्री शेजारच्या वृद्ध बाई मोरीत पडल्या. त्यांच्या मुलाने चिखलातून चौकापर्यंत धावत जाऊन रिक्षा आणली. दुसऱ्या दिवशी गृहस्थ कळवळून म्हणाले, "अहो, मला हाक का नाही मारली? मी नको म्हटले असते का?" ते खरोखरच नको म्हणाले नसते. परंतु शेजाऱ्यांनी वर्षभर ती खोळ पाहिली होती, आणि मागावयाचे नाही हे ते शिकले होते. अतिरक्षणाचा खरा दोष आम्हांस येथे दिसतो. नकार द्यावा लागत नाही. आपल्या वतीने खोळच तो देऊन ठेवते. म्हणून कसोटी सोपी आहे. आपले जपणे वस्तूला धुळीपासून आणि उन्हापासून दूर ठेवते, की माणसांपासून? पहिले कर्तव्य आहे. दुसऱ्याचा अंत कृपणतेत होतो, मग हेतू कितीही निर्मळ असो.

ही कसोटी गाडीपुरती नाही, हे परमुलखात राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. बदलीच्या गावी आपण पेट्या पुऱ्या उघडीत नाही, भिंतीला खिळा मारीत नाही, तेथली भाषा बाजारापुरती शिकतो आणि शेजाऱ्याशी ओळख दारापुरती ठेवतो. खरे राहणे निवृत्तीनंतर, पुण्याला किंवा नाशिकला, असे मनाशी धरून आपण आयुष्यच ठेवणीत घालतो. पण आयुष्याला पुढचा ग्राहक नसतो. कुंभकोणम्‌मध्ये काढलेली चार वर्षे कोऱ्या घडीसारखी परत नेता येत नाहीत. ती येथल्या माणसांत वापरावी लागतात, आणि वापरताना थोडी मळली तर ती मळू द्यावी लागतात.