पुन्हा विचारणे हा अविश्वास आहे काय?

वरिष्ठाने आज्ञा दिली आणि हाताखालच्या मनुष्याने, "साहेब, हे आपणच सांगत आहात ना?" असे उलट विचारले, तर आपल्याकडे तो उद्धटपणा समजला जातो. २०२० सालच्या महासाथीपासून असंख्य माणसे घरी बसून कार्यालयाचे काम करू लागली. त्यांना वरिष्ठांचे दर्शन बहुधा पडद्यावरच घडते. अशा वेळी हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. तो नीतीचा होतो.

२०२४ सालच्या आरंभी हाँगकाँगमध्ये उघडकीस आलेली घटना पाहा. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे अभियांत्रिकी काम ज्या ब्रिटिश कंपनीने केले, त्या अरूपच्या तेथील कार्यालयात वित्त विभागातील एका कर्मचाऱ्यास संदेश आला. मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने एका गुप्त व्यवहाराची त्यात सूचना होती. कर्मचाऱ्यास शंका आली, हे विशेष. पुढे व्हिडिओ बैठकीचे बोलावणे आले. पडद्यावर ते अधिकारी होते, ओळखीचे सहकारीही होते. शंका मावळली, आणि पंधरा वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर रवाना झाले. मुख्य कार्यालयाकडे चौकशी केली तेव्हा कळले की, त्या बैठकीत त्या कर्मचाऱ्याखेरीज एकही खरा मनुष्य नव्हता. सारे चेहरे आणि आवाज संगणकाने घडविलेले तोतये होते. यालाच डीपफेक म्हणतात.

उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायातील इसहाक आपणांस आठवला असेल. त्या अंध वृद्धाला आवाजावरून शंका आली. त्याने हात चाचपून पाहिले. तू खरोखर एसावच ना, असेही विचारले. पण विचारले कोणाला? समोर उभ्या असलेल्या याकोबालाच! ज्याच्याविषयी संशय, त्याचीच साक्ष काढली. (घरात दुसरी साक्ष रिबकेची मिळाली असती; पण बेत तर तिनेच रचलेला.) हाँगकाँगलाही तेच घडले. शंकेचे निरसन फसविणाऱ्यानेच उभारलेल्या दालनात झाले. म्हणून जाणकार सांगतात की, निरोप ज्या वाटेने आला त्याच वाटेने त्याची खातरी करू नये. संदेशातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा मागतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. एकाच साक्षीवर निर्णय करू नये, हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक काही आजचा नव्हे.

परंतु विश्वास ठेवणे हा तर प्रीतीचा गुण. मग खातरजमा करणारा प्रीतीत उणा पडतो काय? येथे भाषांतरकाराला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी पुष्कळांनी येशूवर विश्वास ठेवला असे म्हटले आहे, आणि लगेच पुढे येशूने मात्र स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही, असे आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, 'पिस्तेउओ'. मराठीत त्याचे दोन शब्द करावे लागतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ज्यांच्यासाठी त्याने पुढे प्राण दिला, त्यांच्याही हाती त्याने त्या वेळी स्वतःला सोपविले नाही. मनुष्यावर प्रीती करणे वेगळे, आणि तिजोरीची किल्ली हाती देणे वेगळे.

आता वरिष्ठांविषयी. कंपन्या कर्मचाऱ्यांना सावधगिरीचे धडे देतात, पण उलट विचारणाऱ्यावर डोळे वटारतात आणि फसलेल्याला नोटीस देतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार, संगणक यंत्रणेवरील हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत संस्थेने ती कळविली पाहिजे. इंदूर किंवा हैदराबाद येथे घरी एकट्याने काम करणाऱ्या तरुणाचा विचार करा. भलत्याच दुव्यावर बोट पडले, हे त्याला रात्री नऊ वाजता उमगते. शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी नाही. सांगितले तर नोकरी जाईल काय, याचा हिशेब तो अंधारात मांडीत बसतो, आणि ते सहा तास तेथेच सरून जातात.