खांदा मोकळा झाला, तो कशासाठी?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या भागात बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासले, त्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही. पोळा झाला की थोड्याच दिवसांत 17 सप्टेंबर येतो, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला, पण त्या दिवशी परतूरवर निजामाचेच राज्य होते. आपल्या वाडवडिलांना आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. म्हणून मुक्ती हा शब्द आपल्यासाठी केवळ प्रार्थनापुस्तकातला नाही. तो आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतला आहे.

संत पौलानेही मुक्तीविषयी लिहिताना जुवाचीच उपमा घेतली आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की, ख्रिस्ताने आपल्याला मोकळे केले आहे, तेव्हा गुलामगिरीचे जू पुन्हा मानेवर घेऊ नका. इथपर्यंत आपल्याला सहज पटते. पण त्याच अध्यायात, थोडे पुढे, तो म्हणतो की या स्वातंत्र्याचा उपयोग देहवासनेसाठी करू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. मूळ ग्रीक भाषेत येथे पौलाने साधा सेवेचा शब्द वापरलेला नाही, गुलामाने राबण्याचा शब्द वापरला आहे. एका हाताने जू काढायचे आणि दुसऱ्या हाताने परत ठेवायचे, असा हा प्रकार आहे काय?

हा प्रश्न आपण टाळू नये, कारण आपल्या गावांत सेवा या शब्दाला जुनी जखम आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी वेठ केली. सांगावा घेऊन गावोगाव पायी धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, वाड्यावर लाकडे फोडायची. मजुरी मागण्याची सोय नव्हती. माणूस कोणत्या घरी जन्मला यावरून त्याची सेवा ठरत होती. अशा घरातल्या मुलाला जर आपण म्हटले, "बाळा, नम्र हो, सेवा कर," तर त्याने रागाने मान फिरवली तर त्याचे काय चुकले? वेठ करणाऱ्याला नम्रतेचा उपदेश करणे ही पौलाची शिकवण नव्हे. तो उपदेश वाड्याच्या सोयीचा आहे.

पुढे संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगारीला बंदी केली. 1976 साली वेठबिगारी नष्ट करणारा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याने वेठीखालच्या माणसांची तशी कर्जेही रद्द ठरवली. तरीही जू पूर्ण उतरले आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडीपर्यंत फडातून हलता येत नाही. हंगाम संपताना हिशेबात काही बाकी निघाली, तर ती पुढच्या वर्षावर जाते. आजारी पडले तरी खाडा कापला जातो. त्या बाईला आपण कोणत्या तोंडाने सांगणार की ख्रिस्ती माणसाने आनंदाने राबावे?

मग पौलाचे म्हणणे काय आहे? त्याचे उत्तर आपल्याला वरच्या माडीवरच्या त्या रात्रीत सापडते. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू जेवणावरून उठतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीने भरलेले पाय धुणे हे घरातल्या दासाचे काम. पेत्र संकोचला तो त्यामुळेच. पण योहान त्याआधी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडे जात आहोत, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे येशूला ठाऊक होते. हे ठाऊक असताना तो उठला. पाय धुऊन झाल्यावरही त्याने सांगितले की तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते योग्यच आहे. कोणी त्याला वाकवले नव्हते. तो आपण होऊन वाकला, आणि वाकूनही त्याची मान खाली गेली नाही.

येथे फरक कळतो. वेठ करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. प्रीतीने सेवा करणाऱ्याला नाही म्हणता येते, आणि तरी तो हो म्हणतो. म्हणून सेवा करण्याआधी माणूस मोकळा व्हावा लागतो. ज्याला नकार देण्याची मुभा नाही, त्याच्या होकाराला प्रेम कसे म्हणावे?

आपल्या शेजारच्या गोव्यातील संत जोसेफ वाझ यांचे उदाहरण पाहू. बाणावली येथे 21 एप्रिल 1651 रोजी जन्मलेले हे धर्मगुरू प्रतिष्ठित ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातले. 5 ऑगस्ट 1677 रोजी त्यांनी स्वहस्ते दासपत्र लिहिले आणि स्वतःला पवित्र मरियेच्या दास्यात अर्पण केले. 1687 साली ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले, कारण डच सत्तेखाली तेथील कॅथोलिकांचा छळ चालला होता. कँडीच्या राज्यात त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. पुढे त्यांना मोकळीक मिळाली. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, तेव्हा अनेकांनी शहर सोडले आणि आजाऱ्यांना रानात टाकून दिले. फादर वाझ यांनी शहर सोडले नाही. एका सहकारी धर्मगुरूसह त्यांनी आजाऱ्यांना आसरा दिला, जेवू घातले आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. कोण कोणत्या धर्माचा हे विचारले नाही. 16 जानेवारी 1711 रोजी ते कँडीतच मरण पावले आणि 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

त्यांच्याबरोबर जॉन नावाचा एक सेवकही होता. मजुराचा वेश धर्मगुरूंनी निवडून घेतला होता. जॉन तर मुळातच राबणारा होता. कैदेतही तो सोबत होता. संतांचे स्मरण करताना या जॉनचेही करावे, म्हणजे स्वेच्छेने वाकलेला आणि जन्माने वाकवलेला यांतला फरक आपण विसरणार नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. पहाटे उठून पाणी भरणारी, शेतात जाणारी, रात्री सर्वांच्या शेवटी जेवणारी घरातली सून प्रेमानेच करते, असे आपण म्हणतो. तिला कधी कोणी विचारले आहे काय? ती आजारी असेल तेव्हा घरातला पुरुष चूल पेटवतो काय? चर्चच्या सणाला भांडी नेहमी कोण घासते आणि माईक नेहमी कोण धरतो? एकाच बाजूचे गुडघे सतत टेकलेले असतील, तर ती सेवा तपासून पाहायला हवी.

दुसऱ्या बाजूची चूकही आपल्यात आहे. आपण शिकलो, नोकरीला लागलो, मोटारसायकल आली, आणि मोकळा झालेला खांदा आता कोणाच्याच ओझ्याला लावायचा नाही असे ठरवले. "मला काय त्याचे?" हेच आपले स्वातंत्र्य झाले. पौलाला ही भीती होती. एकमेकांना चावाल आणि खाल तर एकमेकांच्या हातून संपाल, असा इशारा त्याने त्याच अध्यायात दिला आहे. खुर्चीवरून आणि सणाच्या हिशेबावरून होणारी भांडणे पाहिली की तो इशारा जुना वाटत नाही.

राजांच्या पहिल्या ग्रंथात अलीशा बारा जोड्या लावून शेत नांगरत असतो. एलियाचे बोलावणे येताच तो नांगराचे लाकूड जाळतो, त्यावर लोकांसाठी जेवण रांधतो, आणि मग एलियाच्या सेवेला जातो. जू जळले आणि त्याच विस्तवावर लोकांची भूक भागली. मुक्ती आणि सेवा त्या चुलीवर एकत्र आहेत.

यंदा ऊसतोडीच्या गाड्या निघतील तेव्हा मागे म्हातारे आईवडील राहतील, काही मुले राहतील. आपल्यापैकी ज्यांचे खांदे मोकळे आहेत, त्यांनी काय करावे? निघण्याआधी त्या कुटुंबाबरोबर बसून उचलीचा हिशेब वहीत स्वच्छ लिहून द्यावा, म्हणजे परतल्यावर कोणी फसवणार नाही. एखाद्या मुलाला पाच महिने आपल्या घरी ठेवून त्याची शाळा चालू ठेवावी. रविवारी मिस्सानंतर एका म्हाताऱ्याच्या दारात जावे, रेशन आणून द्यावे, औषध विचारावे. हे करताना उपकाराची भाषा नको. ज्याची सेवा केली तो अधिक ताठ उभा राहिला, तर ती पौलाने सांगितलेली सेवा होय. तो आपल्यापुढे अधिक वाकला, तर आपण त्याच्या मानेवर नवे जू ठेवले.

हे प्रभो, आमच्या खांद्यावरचे जू तू उतरवलेस. आमच्या हातांनी ते दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊ देऊ नकोस. आमेन.