आगगाडी आणि अब्रू

उभ्या आयुष्यात मी विनातिकीट प्रवास केलेला नाही. पाहुण्यांना पोहोचवायला गेलो तरी आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढतो. अशा माणसानं गेल्या रविवारी अख्खी आगगाडी लुटली.

गाडी कोळशाची. इंजिन काळंकुळकुळीत, धूर असा की लहानपणचं मनमाड स्टेशन आठवावं. साल १८९९, मुलूख अमेरिकेचा, आणि स्थळ आमच्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही. २०१८ साली निघालेला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नावाचा खेळ आहे. त्यात आपण आर्थर मॉर्गन नावाचे दरोडेखोर असतो.

नातवाच्या मार्गदर्शनाखाली मी इंजिनात चढलो. ड्रायव्हरला खाली उतरवलं. (हातात पिस्तूल असल्यामुळे त्यानं फारसा वाद घातला नाही.) शिट्टी वाजवली. खरं तर इथंच थांबायला हवं होतं; इंजिन चालवायचं हे माझं सातव्या वर्षापासूनचं स्वप्न. पण नातू म्हणाला, “आता डब्यात चला.”

पहिल्या बाकावर एक बाई. पिस्तूल रोखून मी म्हणालो, “माफ करा हं.”

“आजोबा, तिला ऐकू येत नाही. ती खरी नाहीये.”

मुद्दा बिनतोड होता. बाईच खरी नाही, तर पाप तरी खरं कुठलं? मी तिचा ऐवज घेतला. दुसऱ्या बाकाशी भीड चेपली. चौथ्या बाकावरच्या म्हाताऱ्यावर मी “काढ लवकर!” असा ओरडलो की, स्वयंपाकघरातून हिनं डोकावून पाहिलं.

तेवढ्यात पडद्यावर एक पट्टी उमटली आणि तिच्यावरचं टोपीवाल्याचं चित्र लाल टोकाकडे सरकलं.

“हे काय?”

“तुमची अब्रू गेली.”

“अरे, पण मी तोंडाला रुमाल बांधलाय!”

“त्यानं माणसं फसतात. अब्रू जातेच. दोन हजार दहाच्या खेळात रुमाल बांधला की वाचायची.”

मला प्लेटोच्या पुस्तकातला तो मेंढपाळ आठवला. बोटातली अंगठी फिरवली की अदृश्य होणारा. कुणी बघतच नसेल तर माणसानं सज्जन का राहायचं, असा तिथला सवाल. खेळवाल्यांनी आधी अंगठी दिली आणि आठ वर्षांनी काढून घेतली, असंच म्हणायचं.

गेलेली अब्रू परत मिळवण्याचा मार्गही नातवाला ठाऊक होता. रस्त्यात दिसेल त्याला रामराम करायचा. मी अर्धा तास ते केलं. टोपी किंचित हलली. अब्रू खूप वाढली की दुकानात सवलत मिळते म्हणे. म्हणजे ती अब्रू म्हणायची की रेशनकार्ड?

रात्री मात्र झोप लागेना. खूप वर्षांपूर्वी तिकीट खिडकीवरच्या माणसानं मला चुकून पन्नास रुपये जास्त परत दिले होते. प्लॅटफॉर्मवर मोजताना कळलं. गाडीला दहा मिनिटं अवकाश होता. पण रांग मोठी होती, सामान होतं, अशी कारणं मी स्वतःला दिली. त्या पोरसवदा माणसाला ते पैसे पदरचे भरावे लागले असणार. तो तर खरा होता. तेव्हा कुठली पट्टी उमटली नाही आणि कुठली टोपी सरकली नाही. मी तिकीट तपासनिसाला ताठ मानेनं तिकीट दाखवलं.

सकाळी नातू म्हणाला, “आजोबा, आज पुन्हा लुटायची?”

“नको. आज फक्त इंजिन चालवीन.”

“लुटायची नाही, तर मग गाडी पळवायची कशाला?”

“शिट्टी वाजवायला,” मी म्हणालो, आणि ड्रायव्हरला खाली उतरवण्यासाठी पिस्तूल काढलं.