बिऱ्हाड आणि घर

शहरात पोटासाठी जाणे आणि शहरासारखे जगता यावे म्हणून जाणे, हे दोन हेतू आज सहज वेगळे केले जातात. मुंबईत ही फारकत सावकाश झाली, आणि सर्वांच्या वाट्याला ती सारखी आली नाही.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तशी रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे गिरणगावात येत राहिली. कोकणाने त्यांना दिलेले नाव बोलके आहे: चाकरमानी. माणसाची ओळख चाकरीवरून, राहण्यावरून नाही. मुंबईत असे ते बिऱ्हाड, घर गावाला. गावकीच्या खोलीत एकेकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि वळकटी पसरण्यापुरती जागा येई. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या त्याच जागेवर आडवा होई. जेवण खानावळवालीकडे, पगारातून मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गाव. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा कामगारांचे लोंढे गावाकडे वळले.

मात्र ज्याला गावात मानाने घरच नव्हते, त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा होता. बर्लिनचे विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये मांडले होते की महानगरातील अनोळखीपणा माणसाला एकाकी करतो, तसाच मोकळाही करतो. दलितांना या मोकळेपणाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. गावात वस्तीवरून जात कळे; ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्याची कळत नसे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर ठरवले, त्यामागे हाच अनुभव होता. दलितांच्या बाबतीत पोटाचा प्रश्न आणि जगण्याच्या रीतीचा प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत.

जात शहरातही पाठ सोडत नव्हती. गिरणीत कांडी बदलली की नवा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणाई खात्याबाहेर ठेवले जाई. आणि चांगली मजुरी नेमकी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. अनेकांची नोकरी परत आलीच नाही. ज्या चाकरीसाठी शहर गाठले ती संपली, तरी बरीच कुटुंबे चाळीतच राहिली. मुलांची शाळा तिथे होती, मुलींना एकटीने लोकलने कॉलेजला जाता येत होते, शेजार तिथला होता. काही कामगार गावी परतले. पण चाळीत जन्मलेल्या पिढीसाठी गाव हे सुट्टीत जाण्याचे ठिकाण झाले होते. बिऱ्हाडाचे घर झाले ते असे, नोकरी गेल्यावर.

१९९० नंतर पुण्या-मुंबईत आलेल्या संगणक अभियंत्यांना शहर निवडण्याची मुभा अधिक मिळाली: पगाराबरोबर हवा, नाटके, मुलांच्या शाळा यांचाही विचार करता आला. २०२० च्या टाळेबंदीत तर लॅपटॉपवर चालणारे काम गावाकडच्या ओटीवरही होऊ लागले. त्याच दिवसांत बांधकामावरचे मजूर मुलाबाळांसह चालत गावाकडे निघाले. रोजंदारी थांबताच त्यांचा शहरातला मुक्काम संपला. त्यांचे अजून बिऱ्हाडच होते.