मूल कोणाच्या हवाली

मूल कोणाच्या हवाली करावे, हा प्रश्न वरकरणी सोयीचा वाटला तरी मुळात तो श्रद्धेचा आहे. कारण ज्याला अजून वाचा फुटलेली नाही, घडले ते जे सांगू शकत नाही, असे आपले सर्वस्व परक्या हाती देताना आईजवळ त्या हातांच्या शुचितेचा कोणताही दाखला नसतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव-निपाणी मुलुखातील मराठी कुटुंबे उंबरठा न ओलांडताच परराज्यात गेली. सरकारी दप्तर कानडी झाले. तेव्हा निदान रडणारे लेकरू तरी घरच्या बोलीत उगी केले जावे, असे आईला वाटते, आणि ते रास्तच आहे. पण ज्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले त्यालाच वारकरी माउली म्हणून हाक मारतो, हेही याच मुलुखाचे संचित आहे. म्हणून मूल सांभाळणाऱ्या बाईची भाषा कोणती हे विचारण्याआधी ती मुलाचे शेंबडे नाक स्वतःच्या पदराने पुसते की नाही, हे दारातून न्याहाळणारी निपाणीची आई मला अधिक मर्मज्ञ वाटते.

तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची कथा कीर्तनात भक्तीची परिसीमा म्हणून सांगतात. पत्नी मुलाला नवऱ्याच्या स्वाधीन करून पाण्याला गेली, आणि नामस्मरणात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली चिखलाबरोबर ते मूल तुडवले गेले. माझे मन मात्र त्या पत्नीपाशी घुटमळते. तिने परक्यावर नव्हे, मुलाच्या बापावर विश्वास टाकला होता. पाण्याला गेल्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळाले, असे कथा सांगते. परंतु निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बाईने त्या कृपेच्या भरवशावर राहावे, असे कोणता धर्म म्हणेल?

निपाणीत पुष्कळ बायका घरीच विड्या वळतात. मूल नजरेसमोर राहते खरे, पण मांडीवर तंबाखूचे आणि कातरलेल्या पानांचे सूप असल्यामुळे त्याला मांडीवर घेता येत नाही, आणि तंबाखूची धूळ त्याच्याही श्वासात जाते. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, ती ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यापुरती. राहत्या घराला ती लागू नव्हती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडीत मूल बसते ते तीन वर्षांचे झाल्यावर. त्याआधी शेजारीण, सासू, नाहीतर स्वतः अजून परकरात असलेली थोरली बहीण. आणि या बहिणीची शाळा बुडते, तिचा हिशेब कोणत्याच खात्यात जमा होत नाही.

जिथे निवडण्याजोगे काही नाही, तिथे आईला निवडीचे पुण्य किंवा पाप लावणे मला अधर्म वाटते. गावोगावच्या देवळांचे सभामंडप सकाळची आरती झाल्यावर दिवेलागणीपर्यंत रिकामे असतात. देवस्थानच्या पंचांनी ते तान्ह्या मुलांसाठी मोकळे करावेत, सांभाळणाऱ्या बाईला, मग ती मराठी असो वा कानडी, देणगीच्या रकमेतून रीतसर पगार द्यावा, आणि हा खर्च जीर्णोद्धाराच्याच खात्यात मांडावा.