गोठ्यातले नाव, ताटातले नाव



इंग्रजीत गोठ्यातली गाय 'काऊ', पण ताटात आली की 'बीफ'. डुक्कर 'पिग', त्याचे मांस 'पोर्क'. मेंढी 'शीप', तिचे मांस 'मटन'. असे का?

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. जनावरे राखणारा गरीब इंग्रजीच बोलत राहिला. मांस खाणारे सरदार फ्रेंच बोलत. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीमुळे हे उत्तर सर्वांच्या तोंडी झाले.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. पुढे कित्येक शतके 'बीफ' आणि 'मटन' हे शब्द जिवंत जनावरासाठीही वापरले जात. 'फिश'ला तर आजही दुसरे नाव नाही. म्हणजे शब्द जेत्यांनी आणले. जनावर आणि मांस यांची फारकत मात्र खाणाऱ्यांनी हळूहळू केली.

आपण तरी वेगळे आहोत का? अंगणात कोंबडी फिरते, हॉटेलात आपण 'चिकन' मागवतो. कापला जातो बोकड, आपण खातो 'मटण'. आणि तो शब्दही इंग्रजीतूनच आलेला!

शब्द बदलण्यात पाप नाही. परंतु सोयीच्या शब्दाआड दोघे दिसेनासे होतात: ज्याचा जीव गेला ते जनावर आणि पहाटे उठून त्याला चारा घालणारा माणूस. मग उरलेले अन्न टाकताना आपला हात थबकत नाही. ताटातल्या घासाचे गोठ्यातले नाव आठवले, तर निदान तो घास आपण वाया घालवणार नाही.