शूलाचे टोक

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी त्यांच्या आश्रमात चोरीचा माल दडविला. ऋषी मौनव्रतात होते. राजाने पुरती चौकशी न करता चोरांबरोबर त्यांनाही शूलावर चढविले. सत्य कळताच राजाने क्षमा मागितली. परंतु शूल निघेना. अखेर तो कापला, तरी टोक देहातच राहिले.

ही कथा केवळ प्राचीन काळाची नव्हे. ३० सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेने अन्वर अल-अवलाकी या आपल्याच नागरिकास येमेनमध्ये वैमानिकरहित विमानातून ठार केले. तो हिंसक कटांत सामील होता, असे शासनाचे म्हणणे. पण अमेरिकेच्या कोणत्याही न्यायालयात ते सिद्ध झाले नव्हते. विधियुक्त प्रक्रियेवाचून कोणाचे प्राण घेऊ नयेत, असे त्या देशाच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते. पंधरवड्यातच त्याचा १६ वर्षांचा पुत्र अशाच हल्ल्यात मेला. त्याच्यावर नेम नव्हता, असे शासनाने सांगितले. मांडव्यांच्या राजाचा नेम तरी चोरांवरच होता!

कोणी म्हणेल, भगवंतांनी अर्जुनास युद्धच करावयास सांगितले ना? होय, परंतु त्यापूर्वी ते स्वतः शिष्टाईस गेले आणि भर सभेत दुर्योधनाचे म्हणणे ऐकून घेतले. सर्वज्ञ प्रभूंनी जे टाळले नाही, ते अल्पज्ञ शासनाने कसे टाळावे? आरोपी निर्दोष होता, असे आमचे म्हणणे नव्हे. दोष ठरविण्याचा अधिकार आरोप करणाऱ्याचा नव्हे, एवढेच. वाचकहो, चोराची चौकशी टळली की ऋषींचाही भरवसा उरत नाही. आणि मागाहून मागितलेल्या क्षमेने शूलाचे टोक निघत नाही.